नॉटिंग हिलच्या रस्त्यावर, पाठीला पिसारा बांधून

ऑगस्ट संपत आला की लंडनमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन निरोप फिरायला लागतात. एक, शाडूच्या मूर्तीची ऑर्डर लवकर द्या. दुसरा, बँक हॉलिडेच्या रविवारी-सोमवारी नॉटिंग हिलकडे फिरकू नका. तिथे वेस्ट इंडियन लोकांचा कार्निव्हल, म्हणजे रस्त्यावरचा उत्सव असतो, तोबा गर्दी असते, पाकिटं मारतात, चाकू निघतात. हा दुसरा निरोप पुढे ढकलणाऱ्यांपैकी फारच थोडे जण तिथे कधी गेलेले असतात. मी गेले आहे. फुटपाथवरून बघायला नाही, तर एका मास बँडबरोबर पाठीला पिसारा बांधून सगळा मार्ग चालले आहे, आणि त्याआधी उन्हाळाभर त्यांच्या हॉलमध्ये बसून मणी चिकटवले आहेत. तो सगळा प्रकार आतून कसा असतो ते आपल्या लोकांना कळावं, म्हणून हे लिहिते आहे.

मास म्हणजे मास्करेड, सोंग घेऊन रस्त्यावर निघणं. मास बँड म्हणजे वाजवणारा बँड नव्हे, तर एका विषयावरचे पोशाख घालून एकत्र निघणारा ताफा. मी ज्या हॉस्पिटलमध्ये काम करते तिथल्या एक सिस्टर मूळच्या वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादच्या. जेवणाच्या सुट्टीत मी ब्लाउजला हूक लावत बसले होते. माझ्या टाक्यांकडे बघत त्या म्हणाल्या, "रविवारी मोकळी आहेस का? आम्हाला हात कमी पडतायत." मी हो म्हटलं आणि पश्चिम लंडनमधल्या एका जुन्या हॉलचा पत्ता घेऊन रविवारी हजर झाले.

अशा जागेला ते मास कॅम्प म्हणतात. दार उघडल्या उघडल्या ग्लू गनच्या गरम डिंकाचा वास. एका भिंतीला तारेचे सांगाडे टांगलेले, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याच्या खोक्यांत रंगवलेली पिसं, एकेका रंगाचं एकेक खोकं. मधल्या लांब टेबलांभोवती पंधरा-वीस माणसं खाली मान घालून कामाला लागलेली. त्यांत बस चालवून निवृत्त झालेले एक काका होते, कॉलेजच्या पोरी होत्या, दोन शाळेतल्या शिक्षिका होत्या. आणि सगळ्यांवर नजर ठेवून खुर्चीत बसलेल्या आंटी. साठच्या दशकात पोर्ट ऑफ स्पेनहून नर्सिंगसाठी आलेल्या, आता ऐंशीच्या घरातल्या. त्यांना तिथे कुणीच नावाने हाक मारत नाही. सगळ्यांच्या त्या आंटी.

कामाची पद्धत अशी. बँडचा मुख्य कलाकार दरवर्षी एक विषय ठरवतो. त्या विषयाचे सात-आठ भाग पडतात, प्रत्येक भागाला म्हणतात सेक्शन. प्रत्येक सेक्शनचा रंग वेगळा, पोशाख वेगळा. वसंतात पोशाखांची चित्रं आणि नमुने लोकांना दाखवले जातात. ज्याला जो सेक्शन आवडेल त्यात नाव नोंदवायचं, थोडे पैसे आगाऊ भरायचे, मापं द्यायची. पोशाखाची किंमत काहीशे पौंड होते. पहिल्यांदा आकडा ऐकून मला तो महाग वाटला. पण कच्चा माल किती लागतो आणि हात किती लागतात हे टेबलावर बसल्यावर दिसायला लागलं, आणि एवढ्यात यांना परवडतं तरी कसं, असा प्रश्न पडला. त्याचं उत्तर सोपं आहे. बहुतेक हात फुकट राबतात.

मला पहिल्यांदा मुकुटाचं काम दिलं. ते काका तार वाकवायचे. वायर बेंडिंग ही त्रिनिदादची जुनी कारागिरी. साच्याशिवाय, नुसत्या पकडीने आणि डोळ्याच्या अंदाजाने तार वळवत न्यायची. बोलता बोलता त्यांच्या हातात कमळासारखा आकार तयार व्हायचा. तारेची टोकं कपाळाला टोचू नयेत म्हणून सगळा सांगाडा आधी कागदी टेपने गुंडाळायचा. मग त्यावर कापड ताणून बसवायचं, कडेने सोनेरी गोट चिकटवायचा, आणि गोटाच्या आत चिमट्याने एकेक खडा. पिसांच्या तीन-तीन, चार-चारच्या जुड्या करून देठ तारेला बांधायचे. पीस लावताना त्याचा बाक कुठल्या बाजूला झुकतो हे बघावं लागतं, नाहीतर सगळा मुकुट एका अंगाला कलंडल्यासारखा दिसतो.

माझा पहिला मुकुट आंटींनी हातात घेतला, उलटा धरला आणि पाखडावा तसा जोरजोरात हलवला. प्रत्येकाच्या कामाची त्या अशीच परीक्षा घेत. "हे रस्त्यावर सहा-सात तास हलणार आहे," त्या म्हणाल्या. "इथे पडलं तर तिथे पडणारच." एकही खडा पडला नाही. त्यांनी काही न बोलता पुढचा सांगाडा माझ्यापुढे सरकवला, आणि त्या दिवसापासून मुकुटांच्या टेबलावर माझी खुर्ची पक्की झाली.

हात चालू असले की तोंडंही चालतात. कार्निव्हलचा इतिहास मला त्या टेबलावर कळला, आणि मग घरी येऊन मी तो वाचत सुटले. १९५८च्या ऑगस्टअखेर याच नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी वेस्ट इंडीजमधून आलेल्या लोकांवर हल्ले केले. दंगल सप्टेंबरात गेली. तेव्हा लंडनमध्ये 'वेस्ट इंडियन गॅझेट' नावाचं वर्तमानपत्र चालवणाऱ्या क्लॉडिया जोन्स नावाच्या बाई होत्या. पोर्ट ऑफ स्पेनला जन्मलेल्या, न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या, कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेने तुरुंगात टाकून १९५५मध्ये देशाबाहेर काढलेल्या. दंगलीची कडू चव लोकांच्या तोंडातून जावी म्हणून त्यांनी कार्निव्हल भरवायचं ठरवलं. ३० जानेवारी १९५९ ही तारीख. ऐन थंडीत रस्त्यावर कसा भरवणार? म्हणून सेंट पँक्रास टाउन हॉलच्या छपराखाली. बीबीसीने तो दाखवला. त्या पहिल्या कार्निव्हलच्या स्मरणिकेत छापलं होतं की स्मरणिकेतून जमलेल्या पैशाचा काही भाग दंगलीच्या खटल्यांत दंड झालेल्या काळ्या आणि गोऱ्या तरुणांचे दंड भरायला वापरला जाईल. काळ्या आणि गोऱ्याही. मला या बाईंबद्दल अपार आदर वाटतो. १९६४च्या डिसेंबरात, पन्नाशीही गाठायच्या आत त्या गेल्या. हायगेटच्या दफनभूमीत कार्ल मार्क्सच्या शेजारी त्यांची कबर आहे. लंडनला येणारी आपली माणसं मार्क्सचं थडगं बघून परत फिरतात, त्यांनी दोन पावलं बाजूला जाऊन ही कबरही बघावी.

त्यांच्या पहिल्या कार्निव्हलनंतर चारच महिन्यांनी, मे १९५९मध्ये, केल्सो कॉक्रेन नावाच्या अँटिग्वाच्या सुताराला नॉटिंग हिलच्या साउदम स्ट्रीटवर गोऱ्या तरुणांनी भोसकून मारलं. कुणालाही शिक्षा झाली नाही. त्याच्या अंत्ययात्रेला हजारावर माणसं चालली. आंटी तेव्हा इथे आलेल्याही नव्हत्या, पण ही हकिगत सांगताना त्यांचा हात थांबतो.

रस्त्यावरचा कार्निव्हल सुरू झाला १९६६मध्ये, आणि तो कसा सुरू झाला हे मला फार आवडतं. रॉन लॅसलेट नावाच्या समाजकार्यकर्त्या बाईंनी वस्तीतल्या मुलांसाठी जत्रा भरवली होती. तिथे वाजवायला रसेल हेंडरसन आणि त्यांचे साथीदार आले होते. हेंडरसन १९५१मध्ये त्रिनिदादहून पियानोचे सूर लावायचं शिक्षण घ्यायला लंडनला आलेले, आणि इथे पोलादी पिंपाचं स्टीलपॅन हे वाद्य वाजवून नाव कमावलेले. त्यांनी गळ्यात पॅन अडकवले आणि वाजवत चालायला लागले. ठरलेला मार्ग नाही, परवानगीचा कागद नाही. मुलं मागे लागली, मुलांच्या मागे आया, मग खिडक्यांतून बघणारे वेस्ट इंडियन लोक जिने उतरून खाली आले. आपल्या गावचा आवाज या परक्या शहराच्या रस्त्यावर त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता. पुढे १९७३पासून लेस्ली पामर यांनी मार्ग वाढवला, मास बँड आणले आणि मोठमोठ्या स्पीकरच्या साउंड सिस्टिम उभ्या करून जमैकाच्या रेगेवाल्यांनाही सामील करून घेतलं. आज मास, स्टीलपॅन, कॅलिप्सो ही त्रिनिदादची जुनी गाणी, त्यातूनच निघालेला सोका आणि साउंड सिस्टिम या कार्निव्हलच्या पाच बाजू मानतात. पोर्टोबेलो रोड आणि टॅव्हिस्टॉक रोडच्या कोपऱ्यावर जोन्स आणि लॅसलेट या दोघींच्या नावाच्या निळ्या पाट्या आहेत. सोमवारी त्यांच्याखालून लाखभर माणसं जातात. थोडी मान वर करायला हवी.

शनिवारी संध्याकाळी लॅडब्रोक ग्रोव्हच्या उत्तर टोकाकडच्या एम्सली हॉर्निमन बागेत पॅनोरमा असतो, म्हणजे स्टीलबँडची चढाओढ. तुम्हाला गर्दीची भीती वाटत असेल तर निदान याला जा. पॅन मुळात तेलाचं पिंप. त्याचं तळ घणाने ठोकून खोलगट करायचं, छिन्नीने सुरांच्या मर्यादा आखायच्या, तापवायचं आणि मग छोट्या हातोडीने एकेक सूर बसवायचा. उंच स्वरांच्या पॅनची कड आखूड कापतात. खर्जासाठी अख्खी पिंपं लागतात, आणि एकेक वादक सहा-सहा, नऊ-नऊ पिंपांच्या मध्ये उभा राहून गरगर फिरत वाजवतो. एका बँडमध्ये साठ-सत्तर वादक, आणि कुणासमोरही नोटेशनचा कागद नाही. सगळं पाठ. सुरुवातीला मला वाटलं की हे बारीक, किणकिण असं काहीतरी असेल. ते तसं नाहीच. पहिल्या सुरावर आवाज छातीत येऊन बसतो आणि मग शेवटपर्यंत तिथून हलत नाही.

हे वाद्य बंदीतून जन्माला आलं. त्रिनिदादमध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांचा कॅनबुले हा मशालींचा आणि ढोलांचा उत्सव. तो दडपायला गेलेल्या पोलिसांशी १८८१मध्ये लोकांची झटापट झाली, आणि पुढे ब्रिटिशांनी ढोलांवर बंदी घातली. मग लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. त्यानंतर डबे, मोटारींचे भाग, आणि १९३०-४०च्या दशकांत तेलाची पिंपं. सुरुवातीला पॅन वाजवणारा म्हणजे मवाली समजला जायचा. १९५१मध्ये त्रिनिदादचा एक स्टीलबँड 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' या महोत्सवासाठी लंडनला आला आणि गंजक्या पिंपांतून निघणारे सूर ऐकून लोक थक्क झाले. त्या बँडमधले स्टर्लिंग बेटनकोर्ट इथेच राहिले. १९६६च्या त्या जत्रेत हेंडरसन यांच्याबरोबर चालणाऱ्यांत तेही होते.

रविवार मुलांचा. पहाटे सहाला ज्यूव्हे असतो, रंग आणि चिखल माखून नाचायचा. तो मी लांबूनच पाहिला, कारण मला सोमवारसाठी पाय राखायचे होते. दुपारी मुलांचे बँड निघाले. आमच्या टेबलावर बनलेले छोटे पंख पाठीला लावलेली एक पाच-सहा वर्षांची मुलगी वाटेत बाबांच्या खांद्यावर झोपली होती, आणि बाबा तिला घेऊन तालात चालत होते.

सोमवारी सकाळी आम्ही जमलो. लॅडब्रोक ग्रोव्ह स्टेशन दोन्ही दिवस बंद असतं, त्यामुळे लांबून चालत यावं लागलं. पोशाख चढवायला दोन माणसं लागतात. आधी मुकुट, मग खांद्यांवरून पट्टे घेऊन पाठीवरचा सांगाडा. सांगाडा अॅल्युमिनियमचा, हलका, पण वारा आला की पिसारा शिडासारखा भरतो आणि माणूस मागे ओढला जातो. सिस्टरांनी मला पुढे थोडं वाकून, गुडघे सैल ठेवून चालायला शिकवलं. खांद्याखाली स्पंजच्या घड्या कोंबल्या. आणि मग थांबलो. कार्निव्हलमध्ये थांबणं फार असतं, हे कुणी आधी सांगत नाही. पुढचा बँड हलत नाही तोवर तुमचा ट्रक हलत नाही. एक ट्रक गाण्यांचा, एक पाण्याचा आणि सामानाचा, दोन्ही बाजूंनी दोर धरून चालणारे स्वयंसेवक. दोराच्या आत पोशाखवाले, बाहेर लोक. तासभर थांबल्यावर ट्रकवरच्या डीजेने आवाज सोडला आणि अख्ख्या सेक्शनने एकदम उडी घेतली.

संगीत होतं सोका. त्याबद्दल एक गोष्ट आपल्या लोकांना ठाऊक असायला हवी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिप्सो मागे पडत चालला होता, तेव्हा लॉर्ड शॉर्टी नावाच्या गायकाने त्यात ढोलक, धातूच्या कांबीचा धंताल अशी त्रिनिदादमधल्या भारतीयांची वाद्यं आणि ठेके मिसळले. त्यातून सोका आला. शॉर्टी स्वतः आफ्रिकी वंशाचा, पण भारतीय मजुरांच्या वस्तीत वाढलेला. ३० मे १८४५ला 'फातेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून पहिले करारबद्ध मजूर घेऊन त्रिनिदादला लागलं. १९१७पर्यंत जवळपास दीड लाख माणसं अशी गेली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारची. त्यांनी मोहरमचे ताबूत नेले, आणि ताबुतांबरोबर ताशा. तिकडे त्या सणाला होसे म्हणतात, आणि त्यात हिंदू आणि आफ्रिकी लोकही सामील व्हायचे. १८८४मध्ये ब्रिटिशांनी या मिरवणुकांना शहरांत यायला मनाई केली. लोक तरीही निघाले. सान फर्नांडोला पोलिसांनी गोळ्या झाडल्या, वीसपेक्षा जास्त माणसं मेली. कॅनबुले आणि होसे, आफ्रिकी लोकांचा ढोल आणि आपल्या लोकांचा ताशा, दोघांनाही त्याच सरकारने त्याच चार-पाच वर्षांत रस्त्यावरून हाकललं.

वेस्टबोर्न ग्रोव्हच्या आसपास आमच्या ट्रकवरच्या एका गाण्यात अचानक ताशा तडतडला. नेमका तोच, काडीचा, कोरडा. मला काही विचार करावा लागला नाही. पाय आपोआप पडत गेले, आणि शेजारच्या पोरी माझ्याकडे बघून शिट्ट्या वाजवायला लागल्या.

मार्ग साधारण साडेतीन मैलांचा. ग्रेट वेस्टर्न रोड, चेपस्टो रोड, वेस्टबोर्न ग्रोव्ह, मग लॅडब्रोक ग्रोव्ह. परीक्षकांच्या मांडवासमोर सगळा थकवा बाजूला ठेवून नाचायचं, कारण तिथले गुण अख्ख्या बँडचे असतात. माझ्या पुढे उंच काठ्यांवर चालणारा एक मोको जंबी होता. पश्चिम आफ्रिकेतून आलेली ही जुनी परंपरा. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतल्या एका आजींशी त्याने चालता चालता हात मिळवला.

त्या घरांबद्दल बोलायलाच हवं. मार्गावरची पांढरी, खांबांची, देखणी घरं त्या दोन दिवसांत प्लायवूड ठोकून बंद केलेली असतात. आज त्यांची किंमत कोट्यवधी पौंडांत आहे. पन्नास-साठच्या दशकांत हीच घरं पडकी होती, एकेका खोलीत कुटुंबं कोंबलेली. बाकी लंडनमध्ये काळ्या माणसाला खोली मिळत नव्हती. इथे पीटर रॅकमनसारखे घरमालक अवाच्या सवा भाडं घेऊन द्यायचे. आंटींनी इथेच पहिली खोली घेतली होती. पाण्याचा नळ जिन्यात. मग परिसर सुधारला, भाव चढले आणि ज्यांनी ते वाईट दिवस काढले ती माणसं हळूहळू शहराच्या कडेला फेकली गेली. आमच्या बँडमधले बहुतेक जण आता तासा-दीड तासावरून येतात.

दरवर्षी कुणीतरी सुचवतं की गर्दी फार होते, कार्निव्हल हाइड पार्कात हलवा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण हे म्हणजे विसर्जनाची मिरवणूक लक्ष्मी रोडवरून उचलून एखाद्या मैदानात ठेवा म्हणण्यासारखं आहे. या माणसांना इथल्या भिंती सोडाव्या लागल्या. निदान इथला रस्ता वर्षातून दोन दिवस त्यांचा आहे. १९७६मध्ये हजारो पोलिस उतरवले तेव्हा मोठी दंगल झाली, आणि कार्निव्हल बंदच करा अशी ओरड झाली. बंद झाला नाही. त्याच्या आधीही जवळच्या ऑल सेंट्स रोडवर फ्रँक क्रिचलो यांच्या मँग्रोव्ह रेस्टॉरंटवर पोलिसांच्या धाडीमागून धाडी पडत होत्या. १९७०मध्ये त्याविरुद्ध मोर्चा निघाला, नऊ जणांवर खटला भरला, आणि १९७१मध्ये दंगलीच्या मुख्य आरोपातून सगळे सुटले. पुण्यात जन्मलेले लेखक फारुख धोंडी त्या काळात काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्रिटिश ब्लॅक पँथर चळवळीत होते. म्हणजे या गल्ल्यांशी आपला संबंध ताशापुरताच नाही.

गर्दीचे आणि गुन्ह्यांचे प्रश्न खोटे नाहीत. काही वर्षी इथे माणसांचे जीव गेले आहेत, आणि काही चौकांत गर्दी इतकी दाटते की आयोजकांनाही काळजी वाटते. त्यावर उपाय व्हायलाच हवेत. माझी तक्रार वेगळी आहे. मंगळवारच्या वर्तमानपत्रांत अटकेचा आकडा पहिल्या ओळीत असतो, आणि मुकुटाचा एकही खडा पडू नये म्हणून महिनोन्महिने राबलेल्या हातांचा उल्लेखही नसतो. दहा लाखांच्या घरात माणसं येतात त्या उत्सवाची एवढीच बातमी करायची, हा मला अन्याय वाटतो.

दुपारी तीन वाजता ट्रक बंद झाले. सगळे. १४ जून २०१७च्या पहाटे ग्रेनफेल टॉवर जळाला, तो इथून मैलाच्या आत. ७२ माणसं गेली. त्यांच्यासाठी ७२ सेकंद शांतता पाळतात. एवढ्या आवाजानंतर इतक्या लोकांनी एकदम गप्प होणं मी कधी अनुभवलं नव्हतं. पिसांची सळसळ ऐकू येत होती. शेजारच्या सिस्टरांनी माझा हात घट्ट धरला. त्यांच्या ओळखीतलं एक कुटुंब त्या इमारतीत होतं. मग टाळ्या झाल्या, आणि पुढच्या ट्रकने गाणं सुरू केलं.

भूक लागली तेव्हा दोराबाहेर पडून मी डबल्स घेतले. हळद घातलेल्या दोन मऊ, तळलेल्या पुऱ्या (तिकडे त्यांना 'बारा' म्हणतात), त्यांच्यात रसदार छोले, वर चिंचेची चटणी, झणझणीत मिरची आणि शॅडो बेनी, कोथिंबिरीच्या वासाचं पण फार उग्र असं पान. १९३०च्या दशकात त्रिनिदादच्या प्रिन्सेस टाउनमध्ये एका भारतीय वंशाच्या कुटुंबाने हे विकायला सुरुवात केली. गाडीवरच्या बाईंनी माझ्याकडे निरखून बघत विचारलं, "तुझे लोक कुठले?" मी महाराष्ट्र सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांचे पणजोबा उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्याचे, एवढंच ठाऊक आहे. पैसे घेईनात. मी जबरदस्तीने ठेवले तर त्यांनी डाळपुरी कागदात बांधून हातात दिली. शेजारी उभ्या चिरलेल्या पिंपांच्या निखाऱ्यावर जर्क चिकन भाजत होतं आणि धुराने सगळ्यांचे डोळे पाणावले होते.

संध्याकाळी सातला साउंड सिस्टिम बंद होतात, आणि बंद म्हणजे बंद. आमचा ट्रक बाजूला घेतला. पट्टे सोडले तेव्हा खांद्यांवर लाल वळ उठले होते. मुकुट डोक्यावरून काढून आंटींपुढे धरला. त्या दिवसभर ट्रकच्या पुढच्या सीटवर बसून होत्या. त्यांनी तो उलटा करून हलवला, हसल्या आणि म्हणाल्या, पुढच्या शनिवारी ये, सगळं सोडवायचंय. सोडवायचंय म्हणजे पिसं देठांपासून काढून धुवायची, तारा सरळ करायच्या, खडे वेगळे करायचे. निम्मं सामान पुढच्या वर्षी परत वापरतात.

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. पहिल्यांदा जाताना, विशेषतः मुलं बरोबर असतील तर, रविवारी जा, दुपारच्या आधी पोहोचा. जुने, बंद बूट घाला. मोबाइलचं नेटवर्क गर्दीत बसतं, म्हणून भेटायची जागा आधी ठरवा. ती मोठ्या चौकात नको, बाजूच्या गल्लीत. सुटे पैसे जवळ ठेवा, कारण घरातलं स्वच्छतागृह दोन-चार पौंड घेऊन वापरू देणाऱ्या रहिवाशांचाच दिवसभर आधार असतो. दोर धरलेल्या बँडच्या आत पोशाखाशिवाय घुसू नका. पोशाखवाल्यांच्या पिसांना हात लावण्याआधी विचारा.

आणि टाका घालता येत असेल, किंवा शिकायची तयारी असेल, तर जून-जुलैमध्ये एखाद्या मास कॅम्पचं दार वाजवा. चौकशी फारशी करत नाहीत. आमच्या टेबलावर यंदा अजून तीन खुर्च्या रिकाम्या आहेत.